व्याह्यांची बाटली

गेल्या मार्गशीर्षांत आम्हांस वाईस जाण्याचा योग आला. गणपती आळींतील एका जुन्या वाड्यांत आमचे एक वडीलधारे स्नेही राहतात. शाळेंत संस्कृत शिकविण्यांत त्यांचा जन्म गेला, आणि आतां ऐंशी वर्षें उलटलीं तरी सकाळीं घाटावर जाणें व दुपारीं पोथी उघडणें सुटलेलें नाहीं. दोन मुलगे, सुना, नातवंडें असा बारा-चौदा माणसांचा परिवार त्या वाड्यांत एकत्र नांदतो. धाकटा नातू जर्मनींत इंजिनियर आहे. त्यानें तिकडील मुलीशीं लग्न केलें, त्यास दोन वर्षें झालीं. पत्नीला घेऊन तो प्रथमच घरीं आला होता, आणि नव्या सुनेस पाहावयास म्हणून आम्ही गेलों होतों. परंतु ओसरीवर बसतों न बसतों तोंच ध्यानांत आलें कीं, घरांत चर्चा सुनेविषयीं नसून एका बाटलीविषयीं चालली आहे.

ती बाटली सुनेच्या वडिलांनीं पाठविलेली. मोझेल नदीच्या कांठीं त्यांचा द्राक्षांचा मळा आहे, आणि मुलीच्या सासरीं पहिला आहेर म्हणून आपल्याच मळ्यांतील द्राक्षांचें, आपल्याच हातानें केलेलें मद्य त्यांनीं दिलें होतें. आतां व्याह्यांचा आहेर परत करणें म्हणजे त्यांचा अपमान. आणि ठेवून घेणें म्हणजे ज्या घरांत हा पदार्थ आजवर आला नाहीं तेथें त्यास जागा देणें. थोरले काका म्हणत, "परत पाठवा." काकू म्हणत, "परसांतल्या कर्दळीला घाला, आणि फार छान होती म्हणून व्याह्यांना कळवा." तोंपर्यंत ती बाटली माजघरांतल्या फडताळांत द्राक्षासवाच्या बाटलीशेजारीं उभी होती. हें शेजारपण कोणीं मुद्दाम योजिलें नव्हतें. परंतु पुढचें पुष्कळ बोलणें त्यावरूनच निघालें.

प्रसंग एका घराचा असला तरी अडचण एका घराची नाहीं. आमच्या वाचकांपैकीं कितीकांचीं मुलें आज परदेशीं आहेत, कितीकांच्या घरीं परक्या देशांतल्या सुना व जांवई आले आहेत. त्यांच्याबरोबर त्यांच्या घरच्या वस्तु आणि चालीरीति येणारच. तेव्हां ही वस्तु आहे तरी काय, तिची पारख कशी करतात, आपल्या अन्नाशीं तिचें कितपत जमतें आणि तिच्यांत धोका किती, हें जसें पाहिलें व ऐकिलें तसें येथें लिहावें असें आम्हीं योजिलें आहे.

बाटली उंच, सडपातळ, उतरत्या खांद्यांची आणि हिरव्या कांचेची. मोझेलकांठीं हिरवी आणि ऱ्हाइनकांठीं तपकिरी कांच वापरावी अशी तिकडे जुनी चाल आहे. चिठ्ठीवर दोन शब्द ठळक होते: "रीस्लिंग" आणि "ट्रॉकन". पैकीं पहिलें हें द्राक्षाच्या जातीचें नांव. ही जात जर्मनींत फार जुनी. मायन नदीवरील रुसेल्सहाइम येथील एका हिशेबांत इ. स. १४३५ मध्यें या वेली विकत घेतल्याची नोंद आहे. दुसऱ्या शब्दाचा अर्थ सुनेनें मराठींत सांगितला, "कोरडी." त्यावर आजी म्हणाल्या, "पातळ पदार्थ तो कोरडा कसा असेल, बाई?"

आजींचा प्रश्न योग्यच होता. आपल्याकडे कोरडा दिवस म्हणजे ज्या दिवशीं दारूचें दुकान बंद तो! येथें मात्र कोरडी म्हणजे जिच्यांत साखर उरलेली नाहीं ती. द्राक्षाचा रस आंबूं लागला म्हणजे त्यांतील किण्व साखर खातें, आणि तिचा मद्यार्क व कर्बवायु करतें. साखर संपेपर्यंत हें काम चालूं दिलें तर मद्य कोरडें होतें. मध्येंच थांबविलें तर गोड राहतें. जर्मनींत "ट्रॉकन" हा शब्द वाटेल तसा छापतां येत नाहीं. साखर दर लिटरीं चार ग्रॅमांपर्यंत असावी लागते. आम्ल भरपूर असेल तर नऊ ग्रॅमांपर्यंत चालते, परंतु ती आम्लाच्या प्रमाणाहून दोन ग्रॅमांपेक्षां अधिक असतां कामा नये. आपण चहाच्या कपांत दोन चमचे साखर घालतों तेव्हां तिचें प्रमाण लिटरीं साठ ग्रॅमांच्या वर जातें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे चार किंवा नऊ ग्रॅम किती थोडे, तें कळेल.

चिठ्ठीवर दुसरेहि शब्द येतात व त्यांनीं घोटाळा होतो. "हाल्बट्रॉकन" म्हणजे अर्धकोरडी. तिच्यांत साखर लिटरीं अठरा ग्रॅमांपर्यंत असूं शकते. "काबिनेट", "श्पेटलेझे" हे शब्द मात्र गोडीचे नव्हत. द्राक्षें तोडतेवेळीं किती पिकलेलीं होतीं एवढेंच ते सांगतात. म्हणून श्पेटलेझे असून कोरडी अशीहि बाटली मिळते. कांहींच उमगलें नाहीं तर मद्यार्काचा आंकडा पाहावा. आठ-नऊ टक्के असेल तर बहुधा साखर मागें राहिलेली आहे; बारा टक्क्यांच्या आसपास असेल तर बहुधा ती सर्व आंबून गेलेली आहे. आमच्या समोरच्या बाटलीवर बारा हा आंकडा होता.

आजोबांनीं विचारलें, "जमीन कसली तुमची?" सुनेनें दिलेलें उत्तर आम्हांस फार आवडलें. मोझेलच्या खोऱ्यांत उभ्या चढणीवर वेली लावतात, आणि ती सारी चढण पाटीच्या दगडाची असते. आपण लहानपणीं ज्या पाटीवर अक्षरें गिरविलीं तोच दगड. तो दिवसा ऊन शोषून घेतो आणि रात्रीं ऊब परत देतो. वाई विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें अठरा अंशांवर आहे, तर तो प्रदेश पन्नास अंशांवर. इतक्या थंड मुलुखांत द्राक्ष मुळीं पिकतें तें अशा उबेच्या जोरावर; आणि सावकाश पिकतें म्हणून त्यांतील आंबटपणा टिकून राहतो. रीस्लिंगमध्यें आम्ल बहुधा लिटरीं सात ते नऊ ग्रॅम असतें. हा आंबटपणाच या मद्याचा कणा, आणि पुढें जेवणाशीं त्याचें जमलें वा फिसकटलें तें त्याच्यामुळेंच.

आतां शास्त्राकडे. ज्या गांवीं १९३७ पासून "धर्मकोशा"चे खंड निघूं लागले तेथल्या गृहस्थाच्या घरीं असा प्रश्न निघावा आणि पोथी निघूं नये, असें व्हावयाचें नाहीं. आजोबांनीं चष्मा लाविला. मनूनें गुळाची, पिठाची आणि मधूची अशी तीन प्रकारची सुरा सांगून तिन्ही ब्राह्मणास वर्ज्य ठरविल्या आहेत. त्यांत पळवाट नाहीं. उलट कौटिल्यानें अर्थशास्त्रांत द्राक्षरसाच्या मद्यास "मधु" असें नांव देऊन कापिशायन व हारहूरक हीं त्याचीं देशांवरून पडलेलीं नांवें नोंदविलीं आहेत, आणि चरकानें आसवांचे चौऱ्यायशीं प्रकार मोजले आहेत. म्हणजे आपल्या पूर्वजांनीं ही वस्तु वर्जिली असेल. परंतु तिचें ज्ञान वर्जिलें नाहीं. फडताळांतलें द्राक्षासव त्याच कुळांतलें. द्राक्षांच्या काढ्यांत गूळ व धायटीचीं फुलें घालून तें आंबवितात, आणि त्यांत मद्यार्क आपोआप तयार होतो. ती धायटी आपल्या सह्याद्रीच्या उतारांवरच फुलते.

हें ऐकून काकूंस धक्काच बसला. "अगबाई! दोन्ही बाळंतपणांत मीं दशमूलारिष्ट घेतलें, त्याचें काय?" आजोबा हंसून म्हणाले, "तें औषध होतें. दोन चमचे आणि तेहि पाण्यांतून. हेतु काय आणि मात्रा किती, हें पाहावें लागतें." मग त्यांनीं मनूचा आणखी एक श्लोक सांगितला. मद्याचा नुसता वास घेणेंहि त्यांत जातिभ्रंशकर म्हटलें आहे. काकांस वाटलें, निकाल लागला. परंतु आजोबा पुढें म्हणाले, "त्याच श्लोकांत त्याच पंक्तीला जैह्म्यहि बसविलें आहे. जैह्म्य म्हणजे कपट. तेव्हां बाटली कर्दळीला घालून व्याह्यांना फार छान होती म्हणून लिहिलें, तर आपण एका दोषांतून निघून दुसऱ्यांत पडलों."

ओसरीवर कोणी कांहीं बोलेना. मग नातू खालीं पाहत म्हणाला, "आजोबा, तिकडे सासऱ्यांबरोबर जेवतांना मी ही घेतों. आजी फोनवर विचारायची तेव्हां मी दोन वर्षें नाहीं म्हणत आलों." आजी कांहींच बोलल्या नाहींत, उठल्या आणि स्वयंपाकघरांत गेल्या. कपबशांचा आवाज तेवढा येत राहिला. सुनेला सर्व शब्द कळले नसावेत, परंतु काय झालें तें कळलें होतें. तिचा चेहरा उतरला. पुष्कळ वेळानें आजी दाराशीं येऊन उभ्या राहिल्या आणि सुनेला म्हणाल्या, "किती आंबट असतें गं तें? लिंबासारखें, कीं कोकमासारखें?"

येथें त्या घराचा प्रश्न सुटला असें आम्ही समजतों. आजोबांनीं ठरविलें तें एवढेंच: बाटली संध्याकाळीं सर्वांदेखत जेवणाच्या वेळीं उघडावी, ज्यास नको त्यास आग्रह करूं नये, आणि ज्यास हवी त्यास चोरून घ्यावी लागूं नये. काकांस हें पटलें नाहीं, आणि तेंहि त्यांनीं सर्वांदेखत सांगितलें. "आज एक बाटली आली. उद्यां हीं लहान मुलें विचारतील तेव्हां काय सांगायचें?"

काकांचा आक्षेप उडवून लावण्यासारखा नव्हता. त्यास उत्तर दिलें तें थोरल्या नातीनें. ती पुण्यास डॉक्टर आहे. तिनें कागदावर गणित मांडलें. बारा टक्क्यांच्या मद्याच्या शंभर मिलिलिटरांत सुमारें साडेनऊ ग्रॅम मद्यार्क असतो. आणि व्हिस्कीच्या तीस मिलिलिटरांच्या लहान पेगांत सुमारें दहा ग्रॅम. म्हणजे वाइनचा लहान पेला आणि व्हिस्कीचा लहान पेग यांत मद्यार्काच्या दृष्टीनें नांवापुरताच फरक. २०२२ सालीं राज्य सरकारनें मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकूं देण्याचें ठरविलें तेव्हां "वाइन म्हणजे दारू नव्हे" असें पुष्कळ बोललें गेलें. तें खरें नाहीं. जानेवारी २०२३ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें स्पष्ट सांगितलें आहे कीं, ज्याखालीं मद्यार्क निर्धोक ठरतो असें कोणतेंहि प्रमाण दाखवितां येत नाहीं. गरोदर स्त्रिया, यकृताचे रोगी, झोपेचें किंवा फिटचें औषध घेणारे आणि गाडी चालविणारे यांनीं तर एक घोटहि घेऊं नये. शिवाय आपल्या राज्यांत मद्य घेण्यास परवाना लागतो व वयाची अट आहे; नातवानें घेणाऱ्यांचे एका दिवसाचे परवाने काढून आणल्यावरच बाटलीस हात लावला. "मुलांना हेंच सांगायचें, काका," नात म्हणाली, "आंकड्यांसकट." ती स्वतः घेत नाहीं.

संध्याकाळीं बाटली थंड करण्यापासून आरंभ झाला. फ्रीजमधून काढल्याबरोबर ही ओतूं नये. फार गार झाली म्हणजे वास मिटतो आणि आंबटपणा तेवढा बोचतो. आठ ते दहा अंश उष्णता चांगली. म्हणजे फ्रीजबाहेर काढून पंधरा-वीस मिनिटें थांबावें. फ्रीजमध्यें ठेवावयाचें राहून गेलें असेल, तर बादलींत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून त्यांत बाटली उभी करावी. काकूंनीं कौतुकानें पितळी फुलपात्रीं काढलीं होतीं. आजींनीं तीं परत ठेवावयास सांगितलीं. "आंबट आहे ना? मग पितळेंत कळकेल. कांचेचे पेले घे." जन्मांत ज्यांनीं ही वस्तु पाहिली नाहीं त्यांस तिच्याविषयींचा पहिला नियम असा अगोदरच ठाऊक होता.

पेला तृतीयांशच भरतात. देठाचा पेला असेल तर देठाशीं धरावा, म्हणजे हाताच्या उबेनें आंतली वस्तु तापत नाहीं. प्रथम पांढऱ्या कापडासमोर धरून रंग पाहावा. आमच्या पेल्यांतला फिकट पिवळा, किंचित हिरवट झांकीचा होता. मग न हलवितां वास घ्यावा, नंतर पेला हळूच गरगर फिरवून पुन्हां घ्यावा. दुसऱ्या खेपेस वास मोकळा होतो. सुनेनें सांगितल्याप्रमाणें हिरव्या सफरचंदाचा व लिंबाच्या सालीचा वास आम्हांस स्पष्ट आला. आजोबांनीं पेला नाकाशीं नेला, डोळे मिटले आणि म्हणाले, "पहिल्या पावसांत भिजलेली फरशी. वास घेतल्याचा दोष माझ्या नांवावर लिहा." काकू लांबूनच म्हणाल्या, "मला तर रॉकेल सांडल्यासारखें वाटतें." घर हंसलें, परंतु सून आनंदानें उठून उभी राहिली. काकूंचें नाक खरें होतें! बाटली सहा वर्षांची होती, आणि रीस्लिंग जुनी होऊं लागली म्हणजे तिच्यांत हा रॉकेलचा वास येतो. तो बिघाड नव्हे. द्राक्षांवर ऊन अधिक पडलें असेल तर तो लवकर येतो, आणि थोडा असला तर जाणकारांस आवडतो.

मग घोट. तो लगेच गिळूं नये. तोंडांत सगळीकडे फिरवावा व ओठांतून किंचित हवा आंत ओढावी. साखर नसल्यामुळें पहिल्या क्षणीं जीभ दचकते. त्यानंतर तोंडास पाणी सुटूं लागतें; तें जितकें सुटेल तितका आंबटपणा मोठा. शेवटीं गिळल्यावर चव किती वेळ राहते तें मनांत मोजावें. हलक्या मालाची चव लगेच विरते, चांगल्याची रेंगाळते. ज्यांचा हा धंदा आहे ते घोट तपासून थुंकून टाकतात, कारण दिवसांत त्यांस पुष्कळ बाटल्या तपासावयाच्या असतात. घरांत घेणारे तिघेच होते: नातू, सून आणि आम्ही. होय, आम्हींहि घेतली. वरचा श्लोक वाचकांस सांगून झाल्यावर ही गोष्ट लपविणें आम्हांस शोभलें नसतें.

पानें वाढलीं तीं आजींच्या बेताची. सुनेनें त्यांना दुपारीं उत्तर दिलें होतें: कच्च्या सफरचंदासारखें आंबट, आणि शेवटीं लिंबाच्या सालीचा कडवटपणा. त्यावर आजींनीं ठरविलें, "मग त्याला तळण पाहिजे, खोबरें पाहिजे, तूप पाहिजे. गूळ चालायचा नाहीं." तरीहि सून प्रथमच घरीं आलेली म्हणून पुरणपोळी झालीच, आणि आळूची पातळ भाजीहि झाली, त्यामुळें आम्हांस दोन्ही बाजू तपासतां आल्या.

सर्वांत छान जमलें तें कोथिंबिरीच्या वडीशीं. तळणाचा तुपकटपणा आंबट घोटानें धुवून निघतो, आणि पुढचा घास पुन्हां पहिल्यासारखा लागतो. कोथिंबिरीचा व त्या मद्याचा हिरवा वासहि एकमेकांस धरून आहे. सुरळीच्या वड्यांशीं, त्यांवरील ओल्या खोबऱ्यामुळें, तितकेंच बरें जमलें. लिंबू पिळलेल्या काकडीच्या कोशिंबिरीपुढें पुष्कळ वाइनी फिक्या पडतात, कारण अन्न त्यांच्याहून आंबट ठरतें. ही टिकली, कारण आंबटपणांत ती हार जात नाहीं. तूप घातलेल्या मसालेभातानें तिचा बोचरेपणा मऊ केला. भरल्या वांग्यांचें मात्र अर्धवट झालें. वांगीं कृष्णाकांठचीं, दाण्याच्या कुटानें गोडसर, परंतु मसाल्यांतला गूळ आडवा आला.

आळूच्या भाजीशीं मुळींच जमलें नाहीं, आणि पुरणपोळीवर घोट घेतला तेव्हां लिंबू चोखल्यासारखें तोंड झालें. कारण उघड आहे. जिभेला एकदां गोडाची संवय झाली म्हणजे कोरडी वस्तु अधिकच आंबट आणि किडकिडीत लागते. म्हणून पेय अन्नाहून कमी गोड असूं नये असा नियम आहे. ठेच्यानें तर आगच झाली. तिखटाची जाणीव ज्या मज्जातंतूंना होते त्यांनाच मद्यार्कहि चेतवितो. त्यामुळें झोंबणें शमत नाहीं, वाढतें. तिखट जेवणावर अर्धकोरडी थोडी बरी, परंतु खरा उपाय ताक. दुधांतील प्रथिन मिरचीचा झोंबरा अंश धरून जिभेवरून नेतें.

तात्पर्य, मीठ, आंबट आणि स्निग्ध हीं या मद्यास मऊ करतात. गोड त्यास कठोर करतें. तिखट त्याच्याशीं भांडतें. हें पडताळून पाहावयास मद्याची गरज नाहीं. साखर न घातलेलें लिंबूपाणी घ्यावें. एक घोट प्यावा, मग खारे दाणे खाऊन दुसरा प्यावा, मग पेढा खाऊन तिसरा. तेंच पाणी तीन वेळां तीन चवींचें लागेल. त्या रात्रीं वाड्यांतल्या सर्व मुलांनीं हा प्रयोग केला, आणि काकांनींहि केला. घरच्या इतर मंडळींच्या वाटींत कोकमाचें सार होतें. वडीवर त्यांस जें सुख सारानें दिलें तेंच आम्हां तिघांस त्या घोटानें दिलें, अधिक कांहीं नाहीं. सुश्रुतानें जेवणांत आरंभीं मधुर, मध्यें आंबट व खारट आणि शेवटीं उरलेले रस असा क्रम सांगितला आहे. आपल्या पानांतल्या लिंबाच्या फोडीची व मिठाची जागा आपण रोज पाहतों. परंतु ती तेथें कां आहे याचा विचार आम्हीं तरी त्या रात्रीं प्रथम केला.

जेवण झाल्यावर आजोबांनीं विचारलें, "आपल्या तासगांवच्या द्राक्षांची अशी कां होत नाहीं?" सूनबाईंस तासगांव ठाऊक नव्हतें, म्हणून उत्तर आम्हीं दिलें. तासगांवचीं द्राक्षें मुख्यतः खाण्याचीं आणि बेदाण्याचीं. टपोरीं, गोड, पातळ सालीचीं, आम्ल बेताचें. मद्याचीं द्राक्षें लहान आणि वासाच्या सालीचीं असतात. शिवाय मोझेलकडे वेल हिंवाळाभर झोपतो. आपल्याकडे तो झोपतच नाहीं, म्हणून एप्रिलांत खरड छाटणी आणि ऑक्टोबरांत फळ छाटणी अशा दोन छाटण्या कराव्या लागतात, व तोडणी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येते. तरीहि २००१ च्या राज्याच्या धोरणानंतर नाशिककडे हा धंदा वाढला. विंचूरला आणि सांगली जिल्ह्यांत पलूसला त्यासाठीं वसाहती काढल्या गेल्या. नाशिककडील पांढऱ्या वाइनी बहुतेक शेनँ ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ या फ्रेंच जातींच्या असतात. त्यांतल्या कोरड्या प्रकारांस वर सांगितलेले जेवणाचे नियम तसेच लागूं पडतात.

बाटलींत निम्म्याहून अधिक मद्य उरलें. फिरकीचें झांकण घट्ट लावून तें फ्रीजमध्यें ठेवलें. तीन-चार दिवस तें बरें राहतें. नातू जाईपर्यंत त्यास कोणीं हात लावला नाहीं असें पुढें कळलें, आणि शेवटीं त्याची वाट कर्दळीकडेच झाली. परंतु ती वाट सर्वांस ठाऊक होती.

व्याह्यांना पत्र काकांनीं लिहिलें. इंग्रजींत लिहून त्यांनीं तें आम्हांस दाखविलें. "आमच्या घरीं हा पदार्थ घेण्याची चाल नाहीं आणि मीं तो घेतला नाहीं. तुमच्या कन्येनें, आमच्या मुलानें व एका पाहुण्यांनीं घेतला. कोथिंबिरीच्या वडीबरोबर तो उत्तम लागला असें ते सांगतात. माझ्या वडिलांना त्यांत पावसाचा वास आला. तुमच्या जमिनीचा दगड आमच्या शाळेंतल्या पाटीचा आहे हें ऐकून आम्हां सर्वांस आनंद झाला." पत्राबरोबर आजींनीं तासगांवचा बेदाणा आणि वाईची हळद बांधून दिली. हळद कशांत व किती घालावी तें सुनेनें आजींकडून स्वतः लिहून घेतलें.

लिंबूपाण्याचा प्रयोग ज्या वाचकांच्या घरीं होईल त्यांनीं आपला अनुभव आम्हांस जरूर कळवावा.